दर पावसाळ्यात वस्तऱ्यांवर गंज : डागाची जागा बघून कारण शोधा

मे महिन्यात सगळे वस्तरे पुसले, तेल लावलं, मखमलीच्या खणांच्या पेटीत नीट मांडून ठेवले. गणपतीत पेटी उघडली तर चार पात्यांवर तपकिरी ठिपके. पुन्हा घासले, या वेळी तेल जरा सढळ हाताने लावलं. पुढच्या श्रावणात तेच, आणि बहुधा त्याच चार पात्यांवर. पुण्यात जुने वस्तरे जमवणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार आहे, आणि तिच्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: तेल कमी पडलं असेल. बहुतेक वेळा तेल पुरेसं असतं. वस्तरा ज्याच्यात ठेवलाय, ज्याला टेकलाय किंवा ज्याच्या शेजारी पडलाय, तिथून ओल नाहीतर आम्ल येत असतं. ते कुठून येतंय हे सापडेपर्यंत तेलाची बाटली कितीही वेळा बदलली तरी डाग परत येणार.

हे सगळं कार्बन पोलादाच्या पात्यांबद्दल आहे, म्हणजे जुन्या संग्रहातल्या जवळपास प्रत्येक पात्याबद्दल. शेफील्डचे जाडजूड, सोलिंगेनचे दोन्ही अंगांनी खोलगट घासलेले, स्वीडनमधल्या एस्किल्स्टुनाचे, फ्रान्समधल्या थिएरचे, या सगळ्यांत कार्बन एक टक्क्याच्या आसपास आणि गंज रोखणारं क्रोमियम नावापुरतं. पात्यावर किंवा शेपटीवर ‘इनॉक्स’, ‘रोस्टफ्राय’ किंवा ‘फ्रीओडूर’ कोरलेलं असेल तर ते स्टेनलेस. ते उशिरा गंजतं, पण गंजतं.

पुढे ‘मूठ’ म्हटलंय ती म्हणजे मिटल्यावर पातं ज्या दोन पट्ट्यांच्या मधे जातं ती. ‘पाठ’ म्हणजे पात्याची जाड कड, धारेच्या समोरची. ‘शेपूट’ म्हणजे खिळ्यापलीकडचा वळलेला भाग, ज्यावर करंगळी टेकते. ‘खांदा’ म्हणजे पातं संपून खिळ्याकडचा दांडा सुरू होतो ती जागा.

डाग कुठे आहे?

पातं पूर्ण उघडा आणि खिडकीच्या उजेडात तिरकं धरा. दहापट दाखवणारं घड्याळजींचं भिंग असेल तर उत्तम. डागाच्या जागेवरून कारण बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं.

धारेलगत लांबच लांब बारीक तपकिरी रेघ किंवा ठिपक्यांची ओळ असेल, तर दाढी झाल्यावर वस्तरा ओला मिटला गेला आहे. धार हा पात्याचा सगळ्यात पातळ भाग. तिथलं तेल धार परजायच्या चामड्याच्या पट्ट्यावर पुसलं गेलेलं असतं आणि मिटलेल्या मुठीच्या तळाशी साचलेली ओल नेमकी तिच्याजवळ असते.

डाग फक्त एका अंगाला असेल, म्हणजे जी बाजू पेटीत खाली होती तिच्यावर, तर दोष खालच्या अस्तराचा. फेल्ट, मखमल, चामडं, रेक्झिन, वर्तमानपत्र यांपैकी काहीतरी तिथे असणार.

शेपूट स्वच्छ, पण मिटल्यावर मुठीत जातो तेवढाच भाग गंजलेला, तोही दोन्ही अंगांना, असं असेल तर थांबा. मुठीचं साहित्य तपासल्याशिवाय तो वस्तरा पुन्हा इतरांच्या शेजारी ठेवू नका. हे सेल्युलॉइडचं, म्हणजे जुन्या काळच्या एका प्लॅस्टिकच्या मुठीचं लक्षण आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.

खिळ्याभोवती आणि खांद्याच्या आतल्या बाजूला गंज म्हणजे बिजागरीत पाणी राहतंय. शेपटीवर किंवा पाठीवर अंगठ्याच्या ठशाच्या आकाराचा डाग म्हणजे घाम. त्यातले क्षार पोलादावर राहिले की आठवड्याभरात ठसा उमटतो, आणि काहींच्या हाताला हे फार लवकर होतं. मधेच एखाद-दोन जागी, समोरासमोर ठिपके असतील तर मूठ वाकून पात्याला टेकते आहे. आणि सगळ्या पात्यांवर, सगळीकडे सारखी फिकट नारिंगी झाक असेल, जणू विटकरीची धूळ बसली आहे, तर डब्यातली हवाच ओली आहे किंवा पात्यांवर दव धरलं आहे.

दव म्हटलं की लोक मान हलवतात, पण पुण्यात ते अगदी सहज होतं. जुलैमध्ये हवेचा दवबिंदू २२ अंशांच्या आसपास असतो. एसी २० वर लावलेल्या खोलीतून वस्तरा काढून थेट न्हाणीघरात नेला की थंड पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो. तो तसाच मिटून परत ठेवला की काम झालं. एसीच्या खोलीतून बाहेर नेताना वस्तरा बंद डब्यातच तासभर बाहेर राहू द्या, मग डबा उघडा.

आधी आर्द्रता मोजा, अंदाज नको

लोखंडाचा गंज सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की वेग घेतो. पृष्ठभागावर मीठ किंवा धूळ असेल तर त्याहून खालीही. पुण्यात पावसाळ्यातल्या सकाळी ही आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते आणि एप्रिलच्या दुपारी २०-२५ वर उतरते. दोन्ही टोकं वस्तऱ्याला वाईट: एक पात्याला, दुसरं शिंगाच्या आणि लाकडाच्या मुठीला. डब्यात वर्षभर ४० ते ५० टक्के ठेवायची आहे.

त्यासाठी छोटा डिजिटल आर्द्रतामापक लागतो. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, किंवा ऑनलाइन सहज मिळतो. पण स्वस्त मापक पाच-सात टक्क्यांनी चुकतात, त्यामुळे आणल्यावर मिठाने तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला. मीठ विरघळून पातळ झालं तर चुकलं, अजून मीठ घाला. ते झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत किंवा छोट्या हवाबंद डब्यात शेजारी-शेजारी ठेवा आणि बारा तास हात लावू नका. २५ अंशांना आत नेमकी ७५ टक्के आर्द्रता होते. मापक ८० दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यातून ५ वजा करायचे, आणि हे चिकटपट्टीवर लिहून मापकाच्या पाठीला लावायचं. हे मीठ वस्तऱ्यांच्या खोलीत सांडू देऊ नका, एवढंच.

आता मापक पेटीत ठेवून दोन दिवसांनी बघा. लाकडी पेटीत, आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकूनही, जुलैत ७० च्या वर आकडा दिसतो. का ते समजून घेण्यासारखं आहे.

५ लिटरच्या डब्यात २५ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा असेल तर तिच्यातलं एकूण पाणी जेमतेम ०.१ ग्रॅम, म्हणजे दोन थेंब. ते शोषायला चिमूटभर सिलिका जेल पुरतं. पण अर्धा किलोची लाकडी पेटी पावसाळ्यात हवेतून मुरलेलं ४० ग्रॅमच्या आसपास जादा पाणी बाळगते. सिलिका जेल मध्यम आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्शाएवढं पाणी धरतं, म्हणजे ५० ग्रॅमची पुडी साडेबारा ग्रॅमवर थकते. वर लाकडी झाकणाच्या फटीतून बाहेरची हवा येतच राहते. बुटांच्या खोक्यातून निघालेल्या दोन पुड्या अशा पेटीत टाकणं म्हणजे ओल्या चादरीवर टिपकागद ठेवणं.

पेटी आणि डबा

मखमलीचे खण असलेली सागवानी पेटी दिसायला सुंदर आणि ठेवायला वाईट आहे. पाहुण्यांना दाखवायची तेव्हा वस्तरे तिच्यात मांडा, संध्याकाळी काढा. प्लायवूड आणि एमडीएफच्या पेट्या तर नकोतच. त्यांच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड सुटतं, त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि बंद जागेत ते पोलादावर आणि पितळी खिळ्यांवर काम करत राहतं. ओकसारख्या लाकडातून अॅसेटिक आम्लाची वाफ येते. चामड्याच्या म्यानाबद्दल बहुतेकांचा गैरसमज आहे की ते पात्याचं रक्षण करतं. वनस्पतींच्या सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं, क्रोमने कमावलेल्यात क्षार राहतात, आणि दोन्ही ओल धरून ठेवतात. प्रवासापुरतं ठीक, साठवणुकीला अजिबात नाही. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी. जुनं झालं की त्यातून क्लोरीनयुक्त आम्ल सुटतं. रबरबँड लावून वस्तरा मिटलेला ठेवायची सवय असेल तर ती आजच सोडा, रबरातल्या गंधकाचा काळा पट्टा पात्यावर उठतो.

मूळ कंपनीचं पुठ्ठ्याचं खोकं असेल तर ते जरूर जपा, त्याने वस्तऱ्याचं मोल वाढतं. पण खोकं वेगळ्या पिशवीत आणि वस्तरा वेगळ्या डब्यात.

चालणारी व्यवस्था साधी आहे. झाकणाला सिलिकॉनची रबरी कडी आणि चारही बाजूंना क्लिपा असलेला ५ लिटरचा स्वयंपाकघरातला डबा. तळाशी त्रिकोणात ५ आकडा बघा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ३ असेल तर पीव्हीसी, तो नको. आत पॅकिंगमधला पांढरा ईपीई फोम दोन सेंटिमीटर जाडीचा कापून बसवा आणि धारदार कटरने त्यात खाचा पाडा. वस्तरा मिटलेला, कुशीवर, अशा रीतीने बसला पाहिजे की फोमला फक्त मूठ टेकेल आणि पात्याला काहीही लागणार नाही. अशा डब्यात आठ ते दहा वस्तरे मोकळेपणाने मावतात. फोम मिळत नसेल तर अनेकदा धुतलेलं, कांजी नसलेलं पांढरं सुती कापड चालतं. नवं कापड नको, त्यावर खळ असते.

सिलिका जेल ६० ग्रॅम, बारीक जाळीच्या किंवा सुती पुरचुंडीत. ते वस्तऱ्यांना चिकटून न ठेवता कोपऱ्यात ठेवा. पुरचुंडी ठेवण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून तिच्यावर पेनाने लिहा. दर महिन्याला पुन्हा वजन करा. ६० चे ६९ झाले की वाळवायची वेळ झाली. रंग बदलायची वाट बघण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं आहे, कारण रंग बदलतो तोवर डब्यातली आर्द्रता बरीच वर गेलेली असते. वाळवताना दाणे ताटात एकपदरी पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवा, काचेच्या बंद बरणीत गार करा आणि मगच पुरचुंडीत भरा. निळे दाणे कोबाल्ट क्लोराइडचे असतात, विषारी आहेत. ते जेवणाच्या भांड्यात किंवा खाण्याच्या ओव्हनमध्ये नकोत. पांढरे घ्या, काटा तुमच्याकडे आहेच. आणि दाणे वाळवताना ‘पातंही जरा गरम करून घेऊ’ असं मनात येऊ देऊ नका. वस्तऱ्याच्या पोलादाला पाणी देऊन, म्हणजे कडक करून, मग दीडशे-दोनशे अंशांच्या दरम्यान शेकलेलं असतं. ओव्हनमध्ये किंवा गॅसवर त्याहून जास्त तापलं की ते पाणी सहज उतरतं आणि एकदा उतरलेलं पाणी घरी परत चढत नाही.

डब्यात आकडा ४० च्या खाली गेला आणि आत शिंगाची मूठ असेल तर सिलिका जेल निम्मं करा.

वीसपेक्षा जास्त वस्तरे असतील तर कॅमेऱ्याच्या भिंगांना बुरशी लागू नये म्हणून छायाचित्रकार वापरतात ते विजेवर चालणारं कोरडं कपाट घ्या आणि ४५ वर लावा. महाग वाटतं, पण एका चांगल्या सातवारी संचाच्या, म्हणजे दर वाराला एक अशा सात वस्तऱ्यांच्या, किमतीपुढे काही नाही.

दुसरा मार्ग पुण्याला फार सोयीचा आहे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत गाड्यांचे सुटे भाग व्हीसीआय कागदात बांधून पाठवतात. या कागदातून सावकाश सुटणारी वाफ धातूवर बसून गंज थांबवते. तोच कागद पॅकिंग साहित्याच्या दुकानांत मिळतो. घेताना नुसता लोखंडाचा नको, अनेक धातूंसाठीचा मागा, कारण वस्तऱ्याला पितळी खिळे आणि पांढऱ्या धातूच्या टोप्या असतात. पातं स्पिरिटने पुसून कोरडं करा, वस्तरा कागदात सैल गुंडाळा आणि झिपच्या पॉलिथिन पिशवीत बंद करा. उघड्या ट्रेमध्ये हा कागद काही कामाचा नाही, वाफ उडून जाते. एका डब्यात एकच उपाय वापरा: एकतर व्हीसीआय, नाहीतर सिलिका जेल. दाणे ती वाफही शोषतात.

आणि डबा कुठे? पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं लोखंडी कपाट टाळा. आतल्या भिंतीचं कपाट, मधला खण. माळा नको, न्हाणीघर तर मुळीच नको. कपाटात डांबरगोळ्या असतील तर त्या काढा.

सेल्युलॉइडची मूठ: हा संसर्ग आहे

१८७० मध्ये अमेरिकेत हायट बंधूंनी पेटंट घेतलेलं सेल्युलॉइड पुढे दुसऱ्या महायुद्धापर्यंत वस्तऱ्यांच्या मुठींचं लाडकं साहित्य होतं. हस्तिदंतासारखी रेघारेघांची, कासवाच्या पाठीसारखी पिवळी-तपकिरी, मधासारखी पारदर्शक, मोत्यासारखी चमकणारी, बहुतेक सगळी हेच. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून ते बनतं. वय झालं की त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड सुटू लागतात, ओलीशी मिळून नायट्रिक आम्ल होतं आणि ते आम्ल उरलेल्या सेल्युलॉइडला आणखी वेगाने पोखरतं. सगळ्यात आधी त्याच्या कुशीतलं पातं गंजतं, मग शेजारचे वस्तरे. ‘त्याच चार पात्यांवर गंज येतो’ या तक्रारीत अनेकदा एक सेल्युलॉइडची मूठ आणि तिचे तीन शेजारी असतात.

ओळखायचं कसं? मूठ अंगठ्याने अर्धा मिनिट जोरात चोळा आणि लगेच हुंगा. कापराचा वास आला की सेल्युलॉइड. वास कापराचा असेपर्यंत मूठ बऱ्या अवस्थेत आहे. त्याऐवजी नाकात झोंबणारा, आंबट वास यायला लागला की कुजणं सुरू झालं. खिळ्यांभोवती हिरवट-निळसर कळंक, आतल्या बाजूला घाम आल्यासारखा चिकटपणा, पारदर्शक भागात खडीसाखरेसारख्या चौकोनी भेगा ही पुढची लक्षणं. तापवलेली सुई टोचून बघायचा प्रयोग कुणी सुचवला तर करू नका. हे साहित्य भडकन पेटतं.

यावर औषध नाही. भेगा पडू लागलेल्या मुठीला तेल, मेण, वार्निश काही थांबवत नाही. वस्तरा लगेच वेगळा करा. पातं चांगलं असेल तर मूठ काढून टाका: खिळ्याचं डोकं बारीक कानशीने घासून, मऊ लाकडावर ठेवून बारीक पंचाने खिळा बाहेर काढा. पातं खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने पुसा, मग स्वच्छ पाण्याने, मग स्पिरिटने, मग तेल. नवी मूठ नंतर बनवता येते, खड्डे पडलेलं पातं परत भरत नाही. चांगल्या अवस्थेतल्या सेल्युलॉइडच्या मुठी मात्र हवाबंद डब्यात कोंडू नका, सुटलेली वाफ बाहेर जायला हवी. पुठ्ठ्याच्या सैल झाकणाच्या खोक्यात, थंड आणि अंधाऱ्या जागी, इतर सगळ्या वस्तऱ्यांपासून वेगळ्या कपाटात ठेवा आणि दर महिन्याला हुंगून बघा. देवघराजवळ, निरांजनाच्या आसपास नको.

खरा हस्तिदंत आणि खरी कासवाची पाठ यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. जुन्या बाजारात कुणी ‘अस्सल हस्तिदंत’ म्हणून वस्तरा पुढे केला तर घेऊ नका, त्याची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे.

कुठलं तेल?

शिलाई मशीनचं पातळ खनिज तेल, किंवा औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन. दोन्ही स्वस्त, दोन्ही वर्षानुवर्षं न बदलणारी. जपानी कॅमेलिया तेलही चांगलं. खोबरेल नको: हवेने ते खवट होतं, खवट झालेल्या तेलात मोकळी आम्लं असतात आणि थंडीत ते थिजून पात्यावर ढेकळं होतात. तिळाचं, मोहरीचं तेल चिकट पापुद्रा धरतं आणि बिजागरी घट्ट होते. डब्ल्यूडी-४० पाणी हुसकायला चांगलं, पण त्यातला बराचसा भाग उडून जातो. उरतो तो थर तीन महिन्यांच्या पावसाळ्याला पुरत नाही. वर्षभर हात न लावायच्या वस्तऱ्याला पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात द्या.

पातळ म्हणजे किती, इथेच घोळ होतो. टिश्यूवर दोन थेंब, तेवढ्यात पात्याची दोन्ही अंगं, पाठ आणि शेपूट. पुसताना टिश्यू नेहमी पाठीकडून धारेकडे, धारेच्या पलीकडे निघून जाईल असा ओढा. धारेवर आडवा फिरवला की बोट जातं. बघताना पातं ओलं दिसू नये, फक्त चमक थोडी खोल दिसावी. जास्तीचं तेल ओघळून मुठीच्या तळाशी जातं, धूळ आणि फोमचे कण धरतं आणि धारेजवळ ओलसर गाळ तयार करतं. तेल लावताना नायट्राइलचे हातमोजे घाला, सुती मोज्यात वस्तरा घसरतो.

रोजच्या वापरातला वस्तरा

दाढी झाल्यावर साधारण सगळे पातं धुऊन पुसतात. राहते ती बिजागरी. टिश्यूची घडी मुठीच्या दोन पट्ट्यांमधून खिळ्यापर्यंत सरकवा. मग जाड सुती दोरा खिळ्याजवळ, शेपूट आणि पट्टीच्या मधल्या फटीतून घालून चार वेळा मागे-पुढे ओढा. दोरा ओला आणि राखाडी होऊन बाहेर येतो. तेच ते पाणी. कोरडा येईपर्यंत करा. मग चामड्याच्या पट्ट्याच्या कापडी बाजूवर दहा फेऱ्या आणि वस्तरा न्हाणीघराबाहेर, उघडा, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर रात्रभर. महिन्यातून एकदा इन्सुलिनच्या सुईने खिळ्यापाशी तेलाचा एक थेंब.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर शेवटची धुणी फिल्टरच्या पाण्याने करा. जड पाण्यातले क्षार पात्यावर पांढरे ठिपके सोडतात आणि त्या ठिपक्यांखाली गंज आधी धरतो. पातं शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं तर पाणी लवकर निघतं, पण ते मुठीला लागू देऊ नका, सेल्युलॉइड आणि लाखेचं पॉलिश दोन्ही त्याने मऊ पडतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते तुरटीकडे. तुरटी आम्लधर्मी सल्फेट आहे. गालावर फिरवली, त्याच ओल्या बोटांनी वस्तरा उचलून पुसला, की शेपटीवर आणि खांद्यावर तिचा थर बसतो. सुकल्यावर दिसत नाही, पावसाळी हवेत ओल ओढतो. खांद्याजवळच पुन्हा पुन्हा गंज येत असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर क्रम बदला: आधी वस्तरा धुऊन, पुसून, बाजूला ठेवून द्या, मग तुरटी. क्लोरीनवाल्या जंतुनाशकात वस्तरा बुडवू नका, एका रात्रीत खड्डे पडतात.

गंज आलाच असेल तर

आधी तो जिवंत आहे का बघा. पांढऱ्या कापसाच्या काडीला तेल लावून डागावर फिरवा. तांबूस निघालं तर जिवंत. काळा डाग असून काडी स्वच्छ राहिली तर तो स्थिर झालेला थर आहे, त्याला हात लावू नका.

जिवंत गंजावर धारेला मास्किंग टेपचे दोन पदर लावा. डागावर तेल लावून तासभर ठेवा. मग अतिशय बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलात भिजवून पात्याच्या लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने. पुरलं नाही तर धातूच्या पॉलिशची मटारएवढी गोळी बाटलीच्या बुचावर घेऊन चोळा. बुचाने दाब सारखा पडतो आणि कोरीव अक्षरांच्या कडा गोल होत नाहीत. सोनेरी मुलाम्याची अक्षरं असतील तर तिथे पॉलिश अजिबात नको, दोन हातांत मुलामा निघून जातो. लाल गेलं की थांबा. खड्ड्यातला काळेपणा घालवायच्या नादात चांगलं पोलाद घासलं जातं. शेवटी स्पिरिट, तेल, आणि सात दिवसांनी पुन्हा कापसाची काडी.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर यांतलं काहीही नको. आम्ल गंज खातं तसं पोलादही खातं, आणि इतक्या कडक पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं. धार मग दगडावर तुटते.

खड्डे धारेपासून दोन मिलिमीटरच्या आत असतील तर त्या वस्तऱ्याकडून दाढीची अपेक्षा ठेवू नका. धार लावताना दगड जसजसा पुढे जाईल तसा प्रत्येक खड्डा धारेवर येऊन दात पाडेल. तो संग्रहात शोभेल, गालावर नाही.

शिंगाच्या मुठी: उन्हाळ्याची बाजू

फेब्रुवारी ते मे हा काळ पात्यांना निवांत आणि शिंगाला कठीण. शिंग सुकून आकसतं, वाकतं, खिळ्यापाशी चिरतं. वाकलेली पट्टी धारेला टेकली की धार कापते किंवा तुटते. म्हणून दर महिन्याला वस्तरा मिटून, समोरून डोळ्याच्या रेषेत धरून बघा, पातं दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध जातंय ना. नसेल तर साठवताना त्या बाजूला ईपीईची पातळ पट्टी सरकवून ठेवा. लिक्विड पॅराफिनचा एक हात शिंगाला द्या, चोवीस तासांनी पुसा.

शिंग म्हणजे केराटिन, केस-नखांसारखं. त्यामुळे लोकरीला लागते तशी कसर त्यालाही लागते. मुठीवर कुरतडल्यासारखे उथळ चर आणि डब्यात पिठासारखी भुकटी दिसली तर वस्तरा झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ वर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका. दव पिशवीच्या बाहेर धरू द्या, पात्यावर नाही.

वर्षातल्या दोन तारखा

मृगाच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात: सगळे वस्तरे उघडा, पुसा, तेलाचा हात, सिलिका जेल वाळवून वजन लिहा, मापक मिठाने तपासा. पावसात सिलिका जेलच्या महिन्याच्या वजनाखेरीज दर पंधरा दिवसांनी फक्त मापकाचा आकडा बघा. डबा पारदर्शक असेल तर त्यासाठी उघडायचीही गरज नाही, आणि जितका कमी उघडाल तितकं बरं.

दुसरी तारीख खंडेनवमीची. घरातली शस्त्रं-अवजारं काढून पुसायचा दिवस आहेच, तेव्हा वस्तरेही काढा, भिंगाखाली बघा आणि जिथे नवा ठिपका दिसेल त्याची जागा वहीत वस्तऱ्याच्या नावापुढे लिहा. पूजेला मांडायचे असतील तर ओलं हळद-कुंकू पात्यावर लावू नका. त्यातलं पाणी आणि क्षार एका दुपारीत डाग पाडतात, आणि झेंडूची ओली फुलंही तसंच करतात. कुंकवाचं बोट डब्याच्या झाकणाला लावा.